दिवस गेल्याचं तुम्हाला कसं कळलं? गोव्यातल्या मैत्रिणींनो, आपापला अनुभव लिहा

माझ्या मामेबहिणीची पाळी लांबली आहे. रोज विचारते, "ताई, हे खरंच लक्षण आहे की मला नुसतंच वाटतंय?" माझ्या एकटीचा अनुभव तिला पुरणार नाही, म्हणून सगळ्यांना विचारते. स्वतःला जे झालं तेच लिहा, ऐकीव नको.

पणजी (मीच)
मला झोपेने गाठलं. कदंबच्या बसमध्ये टेकले की डोळा लागायचा, रात्री आठलाच अंथरूण हवंसं वाटायचं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं म्हणून असा थकवा येतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. छातीही दुखत होती, पण तशी ती पाळीच्या आधीही दुखते, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना.

म्हापसा
नुस्त्याचा, म्हणजे माशांचा, वास! आमच्याकडे सोमवार सोडला तर नुस्त्याशिवाय जेवण नाही. त्या दिवशी बांगडे तव्यावर पडले आणि मी थेट मागीलदारी पळाले. तिरफळं घातलेलं हुमण (माशांची आमटी) माझ्या जिवाभावाचं, पण त्याचं नावही नको झालं. सासूबाईंनी एका शब्दानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराला पेज आणि चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) पुढ्यात ठेवलं, आणि तेवढंच पोटात ठरलं. माझी मळमळ संध्याकाळी जास्त असायची, सकाळी अगदी थोडी. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाली, चौथ्या महिन्यात ओसरली. पण माझ्या नणंदेला पाणीसुद्धा ठरेना, लघवी कमी आणि गडद झाली, तेव्हा सलाईन लावावं लागलं. इतकं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका गं.

काणकोण
मला काहीच झालं नाही. पाळी चुकली, तपासणी केली, दोन रेघा आल्या. लक्षणं नाहीत म्हणजे बाळाचं काही बिनसलंय, या धास्तीत मी उगाच झुरले. मुलगी ठणठणीत आहे.

फोंडा
मला पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा त्रास. पाळी दोन-दोन महिने येत नसे, मग ती "चुकली" हे ओळखायचं कसं? लघवीला सारखं जावं लागायचं आणि तोंडाला लोखंडासारखी चव यायची, म्हणून किट आणलं. पहिल्यांदा एकच रेघ आली. डॉक्टर म्हणाल्या, घाई झाली असेल. किट ज्यावरून ओळखतं ते एचसीजी हे संप्रेरक गर्भ रुजल्यावरच तयार होऊ लागतं आणि सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. काही दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा. तेव्हा फिकी दुसरी रेघ दिसली, मग रक्ताच्या तपासणीने खात्री झाली. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पण माझ्या अनियमित पाळीमुळे तो हिशेब चुकला; सोनोग्राफीवरून तारीख बदलून मिळाली.

डिचोली
पाळीच्या तारखेच्या थोडं आधी फिकट गुलाबी डाग. मला वाटलं पाळीच आली, पण पॅडची गरजच पडली नाही. स्त्रीबीज सुटल्यावर 6 ते 12 दिवसांत गर्भ रुजतो, त्या वेळी काहींना असं होतं.

मडगाव
माझा अनुभव आनंदाचा नाही, तरी लिहिते. टेस्ट पॉझिटिव्ह होती, मळमळही होती, सगळं इतरांसारखंच. मग पोटात एकाच बाजूला दुखायला लागलं. घरात सगळे म्हणाले, गॅस असेल. थोडं रक्त गेलं, खांद्याच्या टोकाला कळ आली, घेरी आली. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत रुजला होता. शस्त्रक्रिया झाली, एक नळी गेली, मी वाचले. त्यानंतर दुसऱ्या नळीवर मला मुलगा झाला. पॉझिटिव्ह रेघ फक्त दिवस गेल्याचं सांगते, गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीतच कळतं. माझ्या त्या दुखण्याला लक्षण म्हणून कुणी मोजलंच नव्हतं.

सावर्डे
वरचं वाचून घाबरले. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आहे, कालपासून डाव्या बाजूला दुखतंय, थोडे डागही आहेत. सोनोग्राफी सोमवारी आहे. तोवर थांबू का?

पणजी
थांबू नकोस, बाय. सुरुवातीला थोडं दुखणं बऱ्याच जणींना होतं, पण एका बाजूचं दुखणं आणि डाग दोन्ही असताना आजच दाखवायचं. घरच्या कुणाला तरी सोबत घे, जवळच्या इस्पितळात जा, टेस्ट पॉझिटिव्ह असल्याचं पहिल्यांदा सांग. घेरी आली किंवा दुखणं वाढलं तर 108 ला फोन कर, स्वतः गाडी चालवू नकोस. पोचलीस की इथे कळव.