बक्षिसं नकोत, आधी दोरी टांगा

मोठी बक्षिसं ठेवली की मुलं मल्लखांबाकडे वळतील, असं काही जण म्हणतात. इंदूरला राहून मला हे पटत नाही. मध्य प्रदेशाने २०१३ सालीच मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. पलीकडे उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. मान आहे हो, अडतंय ते गल्लीत!

पुरलेल्या खांबाला चांगलं लाकूड लागतं, खाली पक्की जागा लागते. त्यापेक्षा सुरुवात दोरीच्या मल्लखांबाने करा. मजबूत आडवी तुळई, सुती दोरी, खाली जाड गाद्या आणि जाणता शिकवणारा, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. मुलीही येतात. मात्र पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी पकडताना सुरुवातीला कातडी सोलवटते, आणि मुलं गळतात ती नेमकी तेव्हाच. त्या दिवसांत अढीचा (पायांनी दोरी घट्ट धरायच्या पकडीचा) आग्रह नको, लोंबकळू द्या, खेळू द्या. लंगोटाची सक्तीही पहिल्या दिवसापासून कशाला? आठवीतला मुलगा लाजतो, चड्डीवर शिकू द्या.

आणि गणेशोत्सवात आपल्या मंडळांनी ऑर्केस्ट्राऐवजी एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. शेजारचा बंटी उलटा लटकलेला दिसला की बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी आपणहून येतात. (त्यांच्या आया थोड्या उशिरा तयार होतात.)