लीड्सचा २०१८-१९ चा हंगाम नेमका कुठे निसटला?

प्रश्न: इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या स्तरावरील चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या दोन संघांना थेट प्रीमियर लीगमध्ये बढती मिळते, हे ठाऊक असूनही, प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांचा लीड्स युनायटेड ८३ गुणांवर तिसरा राहिला आणि बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या प्ले-ऑफमध्ये हरला, याची रुखरुख मला आजही आहे. आपल्या मते निर्णायक क्षण कोणता होता?

प्रतिसाद १: माझ्या मते १९ एप्रिलचा विगनविरुद्धचा सामना. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू चौदाव्या मिनिटालाच बाहेर गेला होता आणि आपण आघाडीही घेतली होती, तरीही घरच्या मैदानावर १-२ असे हरलो. त्या दिवसापासून दुसऱ्या जागेच्या शर्यतीतल्या शेफील्ड युनायटेडला गाठणे अवघड होत गेले.

प्रतिसाद २: मला प्ले-ऑफच्या दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीतला डर्बीविरुद्धचा परतीचा सामना अधिक सलतो. पहिला सामना १-० असा जिंकलेला, घरच्या एलंड रोडवर डॅलसच्या गोलने एकूण आघाडी दोन गोलांची झालेली, आणि मध्यंतराच्या तोंडावर गोलरक्षक व बचावपटू यांच्या गोंधळातून डर्बीच्या मॅरियटने गोल केला, तिथेच संघाचा तोल गेला. शेवटी २-४. अर्थात, त्याआधी ॲस्टन व्हिलाविरुद्ध आपल्या वादग्रस्त गोलनंतर बिएल्सांनी प्रतिस्पर्ध्याला बिनविरोध गोल करू दिला, याचा मला अभिमानच वाटतो.

प्रश्नकर्ता: व्हिलाच्या सामन्याबद्दल पूर्ण सहमत. विगनचा सामना मात्र मी पुन्हा पाहू शकलेलो नाही. पुढच्याच हंगामात ९३ गुणांसह विजेतेपद मिळाले, तरीही नाही.