पुण्याहून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात दोन दुचाकींवरून, मुलांसह : मार्गदर्शन हवे

हडपसरवासी (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी हडपसरहून सासवड, जेजुरी, मोरगाव या मार्गाने सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात कुटुंबासह जाण्याचा विचार आहे. माझी १२५ सीसीची मोटारसायकल आहे आणि पत्नीकडे स्कूटर आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा सहा वर्षांचा, आणि आईचे वय चौसष्ट आहे. अंतर एका बाजूने सुमारे ७५ किलोमीटर भरते. मला कोठेही वेळेत पोहोचण्याची घाई नाही, वाटेत थांबत, चहा घेत, मुलांना रस्ता दाखवत जायचे आहे.

लहानपणी मी वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून जेजुरीपर्यंत गेलेलो आहे. मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटी बहीण, असे आम्ही चौघे एका गाडीवर असायचो. दिवे घाट चढताना येणारा गार वारा मला अजून आठवतो आणि तो मुलांनाही मिळावा असे फार वाटते, परंतु त्या प्रवासात आम्ही केवढा धोका पत्करत होतो हेही आता कळते. म्हणून विचारतो : सहा वर्षांच्या मुलाला इतक्या अंतरावर दुचाकीवर नेणे योग्य आहे का? आईला कसे न्यावे? सकाळी किती वाजता निघाल्यास चिंकारा (तिथले लहान हरीण) दिसण्याची शक्यता अधिक? आणि एका दिवसात जाऊन परत येणे मुलांना झेपेल का?

कऱ्हाकाठचा (उत्तर)

मी सासवडचा असून या रस्त्याने माझे नेहमी येणे-जाणे असते, त्यामुळे आधी रस्त्याबद्दल लिहितो. पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे घाटात आणि पुढेही ठिकठिकाणी खडी, वळवलेला रस्ता आणि धूळ यांना तोंड द्यावे लागू शकते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी सासवडकडच्या कोणाला तरी विचारून घ्यावे. घाट चढताना डाव्या कडेने, एकामागे एक चालावे आणि पत्नीची स्कूटर पुढे ठेवावी. हळू चालणारी गाडी पुढे असली की मागचा तिच्या वेगाने चालतो, एरवी पुढचा कधी लांब गेला हे त्याचे त्यालाच कळत नाही. मस्तानी तलाव पाहायचा असेल तर वळणावर गाडी उभी करू नका, रस्त्यापासून पूर्ण बाहेर जागा मिळेल तेथेच थांबा.

सासवडला पहिला मोठा थांबा घ्यावा. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावरचे संगमेश्वराचे मंदिर सकाळी शांत असते आणि घाटावर मुलांना मोकळेपणाने बसता येते. पुढे जेजुरी व मोरगावपर्यंत कऱ्हा तुमच्या आसपासच राहते, कधी दिसते, कधी नुसती बाभळींची रांग दिसते. हे मुलांना आधी सांगून ठेवले तर 'आता नदी कोणत्या बाजूला?' हा खेळ रस्ताभर पुरतो. जेजुरीला सोमवती अमावस्या आणि मोरगावला चतुर्थी असेल तो दिवस टाळाच, कारण त्या गर्दीत मुले मागे बसवून दुचाकी चालवणे कठीण जाते.

आता परतीबद्दल, कारण मला खरी काळजी तिचीच वाटते. डिसेंबर म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. या पट्ट्यात संध्याकाळी उसाने भरलेले ट्रॅक्टर चालतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि पुष्कळदा त्यांना मागचा दिवा नसतो. चार वर्षांपूर्वी सुप्याकडून परतताना समोरून येणाऱ्या मोटारीच्या प्रखर झोतामुळे माझ्या पुढची ट्रॉली मला अगदी दहा-पंधरा फुटांवर आल्यावर दिसली. पत्नी मागे होती. ब्रेक लागला आणि आम्ही वाचलो, पण त्या दिवसापासून सूर्य मावळल्यावर मी या रस्त्यावर दुचाकी चालवलेली नाही. सुप्याहून चौफुल्याला जाऊन सोलापूर महामार्गाने परतण्याचा पर्याय काही जण सुचवतील. तो रस्ता रुंद आहे, तरीही अवजड वाहनांच्या वेगामुळे मुलांसह संथ जाणाऱ्यांना तो मानवणारा नाही.

माळावरचा धाविक (उत्तर)

तुमच्या वेळापत्रकातली खरी अडचण चिंकाराची आहे. चिंकारा दिसण्याची चांगली वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास आणि मग दुपार कलल्यानंतर. मुलांसह रमतगमत निघालात तर साडेदहा-अकराच्या आत पोहोचणार नाही आणि तोपर्यंत कळप झुडपांच्या सावलीत बसलेले असतील. संध्याकाळपर्यंत थांबलात तर परतीचा प्रवास अंधारात, म्हणजे वर सांगितलेल्या ट्रॉल्यांमध्ये होईल. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ही सहल एका दिवसाची करूच नये. शनिवारी सावकाश मोरगावला पोहोचावे, भाविकांसाठी तेथे मुक्कामाची सोय होते, दर्शन घेऊन लवकर झोपावे आणि रविवारी पहाटे उरलेले बारा-पंधरा किलोमीटर जावे. मग दुपारी जेवून निघालात तरी उजेडात घरी पोहोचता. एरवी धावपळीत उरकावे लागले असते ते मोरगावचे मंदिरही नीट पाहून होईल. चार कोपऱ्यांवर मिनार असलेले आणि गणपतीसमोर नंदी बसलेला, असे मंदिर मुलांनी दुसरीकडे पाहिलेले नसेल.

अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे आणि ते १९९७ साली घोषित झाले. तेथे दाट जंगल नाही, हे मुलांना आधीच सांगा, अन्यथा त्यांचा हिरमोड होतो. ते माळरान आहे. पर्जन्यछायेतल्या या प्रदेशात डिसेंबरपर्यंत गवत पिवळे पडते आणि चिंकाराचा अंगरंग त्या गवतात इतका मिसळतो की प्रथम फक्त हलणारी काळी शेपटी दिसते. मुलांना तीच शोधायला सांगा. मादीलाही शिंगे असतात, पण ती बारीक व आखूड, नराची मात्र वलयांकित असतात. धोका जाणवला की चिंकारा पुढचा पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. तसा आवाज ऐकू आला तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून तेथेच थांबावे. काळवीट येथे शोधू नका, त्यासाठी कर्जतजवळचे रेहेकुरी आहे. हिवाळ्यात गवतालगत खालून तरंगत जाणारे भोवत्ये, जमिनीवर धावणारे धाविक आणि चंडोल या पक्ष्यांकडे अवश्य लक्ष ठेवा. लांडगा आणि खोकडही या माळावर आहेत, परंतु ते दिसतील असे आश्वासन मुलांना देऊ नका.

दुचाकी आत नेता येईल असे गृहीत धरू नका, दारावरच्या वनरक्षकांना विचारा आणि नाही म्हणाले तर वाद न घालता बाहेर लावा. मी तर परवानगी असली तरी बाहेरच लावतो, कारण इंजिनाच्या आवाजाने कळप दूर जातात. सर्वांना पूर्ण लांबीची पँट आणि बूट हवेत, कारण कुसळे मोज्यांत शिरून मुलांना रडवतात. खाण्याचे उरलेसुरले आत टाकू नका, त्यामागे भटकी कुत्री येतात आणि चिंकाराच्या पाडसांना सर्वांत मोठे भय त्यांचेच असते. माळ म्हणजे पडीक जमीन, असे म्हणून आपल्याकडे कित्येक माळ नांगरले गेले, कित्येकांवर झाडे लावली गेली आणि गवतावर जगणारे प्राणी बेघर झाले. म्हणून ज्या कुटुंबाला तो मुलांना दाखवावासा वाटतो, त्याचे मला मनापासून कौतुक आहे.

दोन चाकांवर (उत्तर)

मुलांविषयी थोडे. चार वर्षांवरील मूल हा कायद्याने एक पूर्ण सहप्रवासी आहे, म्हणून एका दुचाकीवर एक मोठा माणूस आणि एक मूल एवढेच बसू शकते, आणि मुलांनाही आयएसआय चिन्हाचे, त्यांच्या मापाचे हेल्मेट बंधनकारक आहे. मोठ्यांचे हेल्मेट नुसता पट्टा आवळून मुलांना घालू नका, ते फिरते आणि डोळ्यांवर येते. चार वर्षांखालील मुलांसाठी २०२३ पासून सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. तुमच्या मुलाला ती लागू नसली तरी मी तोच वेग पाळण्याचा सल्ला देईन.

सहा वर्षांच्या मुलासाठी माझी कसोटी साधी आहे : मागे बसल्यावर त्याचे पाय फूटरेस्टवर टेकतात का? टेकत नसतील तर त्याला इतक्या लांब नेऊ नये. पाय लोंबकळणारे मूल अर्ध्या तासात थकते, पेंगते आणि एका बाजूला कलते. टेकत असतील तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने उतरवून चालवावे. मागच्या टायरमधली हवा निघण्यापूर्वी तपासावी आणि पाठीवरची पिशवी मुलाच्या पाठीवर कधीही देऊ नये.

आईंना दुचाकीचा आग्रह करू नका. स्वारगेटहून जेजुरी-मोरगावमार्गे बारामतीला जाणाऱ्या एसटी गाड्या आहेत. आजी आणि नातू एसटीने मोरगावला आले तर दोघांचाही प्रवास सुखाचा होईल.

हडपसरवासी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी गाडी अंगणात उभी करून मुलाला मागे बसवून पाहिले. त्याचे पाय फूटरेस्टच्या चार बोटे वर राहतात. तो थोडा नाराज झाला, पण आजीबरोबर खिडकीजवळ बसून एसटीने जायचे आणि तिला कऱ्हा कोणत्या बाजूला आहे ते सांगत राहायचे, हे काम दिल्यावर त्याने ते मान्य केले. मुलगी माझ्या मागे बसेल आणि पत्नी स्कूटरवर पिशव्या घेऊन पुढे राहील. चतुर्थी नसलेला शनिवार पाहून मोरगावला मुक्काम करायचे ठरले आहे. रविवारी पहाटे मोरगावहून सुप्यापर्यंत आई आणि मुलगा यांच्यासाठी रिक्षा मिळू शकेल का, आणि ती आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी का, एवढे कऱ्हाकाठचा यांनी कृपया सांगावे.

कऱ्हाकाठचा

आदल्या रात्रीच ठरवा आणि परतीचेही त्याच रिक्षावाल्याशी बोलून ठेवा, कारण अभयारण्याच्या दाराशी परतीला वाहन मिळेल याचा भरवसा नसतो. पहाटे थंडी बोचरी असते, आजींसाठी शाल रिक्षात हाताशी ठेवा.