मदत हवी आहे : लिओटार्ड उभ्यानं छान बसतो, वाकलं की ओढतो

नमस्कार ताई-दादांनो. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात शिवणकाम करते. ब्लाउज डोळे मिटून शिवीन, पण शाळेतल्या सरांनी रिदमिक जिम्नॅस्टिकवाल्या चार पोरींचे प्रिंटेड लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) शिवायला दिले अन् माझी पार दैना झाली.

कापड चारही बाजूंनी ताणणारं पॉलिस्टर लायक्रा. छाती-कंबर बरोबर बसते, पण पोरगी रिबन घेऊन मागे वाकली की खांदे ओढतात, जांघेत काचतं. खांद्यावरून पायांमधून परत खांद्यापर्यंतचं घेराचं माप मी घेतलंच नव्हतं. आता घेतलं, पण त्यातून किती इंच कमी करू? अंगापेक्षा कपडा लहान कापायचा, हे ब्लाउजवालीच्या हाताला पटतच नाही.

दुसरं म्हणजे छातीवरचा मोर. घातला की आडवा फाकतो, मोर कमी अन् कोंबडी जास्त दिसते. छापायला देतानाच चित्र अरुंद करून द्यायचं का?

सुई ७५ नंबरची स्ट्रेच, झिगझॅग शिलाई. तरी पायाच्या गोलाईत इलास्टिक लावताना टाका सुटतो. ओव्हरलॉक मशीन नाही माझ्याकडे.

एक लिओटार्ड उसवून ठेवलाय. बाकी तिघींचं कापड अजून कापलं नाही, कोणी सांगेपर्यंत कात्री लावत नाही.