खाऱ्या टाकीत नायट्रेट उतरतच नाही, काय करू?

निळाशार: 200 लिटरची टाकी, दोन क्लाउनफिश, थोडे मऊ कोरल, खाली सम्प म्हणजे फिल्टरची टाकी, त्यात छोटा स्किमर, म्हणजे फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र. नायट्रेट 60, फॉस्फेट 0.2, अमोनिया-नायट्राइट शून्य. वाळूवर तपकिरी थर. दर आठवड्याला 10% पाणी बदलते, आरओचंच. नवीन उपकरण घ्यायचं नाहीये, किरकोळ सामान चालेल.

प्रवाळवेडा: स्किमर बदला. 400 लिटरसाठीचा घ्या, बाकी सगळं विसरा. छोटा स्किमर म्हणजे नसल्यासारखाच.

थेंबथेंब: त्यांना उपकरण घ्यायचं नाहीये, वर लिहिलंय. निळाशार, आधी मीठ कालवलेल्या ताज्या पाण्याचंच नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा. आरओतून थोडं नायट्रेट आणि सिलिका निसटतं. आरओनंतर डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरणारे दाणे, हवंच. टीडीएस (विरघळलेले क्षार) 0 यायला हवा. नायट्रेट किटची दुसरी बाटली 30 सेकंद जोरात हलवा. कण तळाशी बसले की आकडा कमी येतो, म्हणजे तुमचे 60 खरे तर जास्तही असतील.

मीठभाकर: पाणी बदला, दुसरं काही नको. आणि खारटपणा 1.025 (सापेक्ष घनता) ठेवा, तोच 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग मीठ.

थेंबथेंब: 35 पीपीटी म्हणजे 1.0264. 1.025 म्हणजे साधारण 33.

मीठभाकर: माझा रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्य केलेला आहे, तो बरोबरच दाखवतो.

थेंबथेंब: शून्यावर बरोबर असला तरी 35 वर चुकू शकतो. 35 पीपीटीच्या द्रावणावर लावून बघा. आणि 10% पाणी बदललं की नायट्रेटही 10%च उतरतं, तेवढं आठवड्यात परत भरतं. 20% करा: 60 चे 48, मग 38, मग 31. तेही मध्ये नवीन भर पडली नाही तरच. सम्पमधला स्पंज दर तीन दिवसांनी टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. अडकलेलं खाणं तिथेच कुजून नायट्रेट होतं.

काठावरचा: व्होडका! रोज 0.2 मिलीपासून सुरू करा. त्यावर बॅक्टेरिया वाढतात आणि नायट्रेट खातात.

प्रवाळवेडा: आणि ते बॅक्टेरिया बाहेर कोण काढणार? स्किमरच. छोट्या स्किमरवर डोस वाढवला की पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन घटतो, मासे वर येऊन तोंड मारत बसतात. म्हणून म्हणतोय, स्किमर बदला.

शेवाळी: तपकिरी थर नीट बघा. हात लावल्यावर धुरळ्यासारखा उडाला तर डायटम, म्हणजे सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ, सिलिका तोडा. शेंबडासारखा ताणला गेला आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसले तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव). डायनोत फॉस्फेट शून्यावर नेलं तर आणखी माजतात.

मीठभाकर: 20% बदला, मीही तेच सांगत होतो.

निळाशार: सगळ्यांचे आभार. थर उडतो, म्हणजे डायटम. ताज्या पाण्यात नायट्रेट 10 निघालं, रेझिन मागवलंय. पण स्किमर नाही, व्होडका नाही, पाणीही 10%च. सम्पच्या रिकाम्या कप्प्यात चेटो, म्हणजे नायट्रेट शोषणारं गुंतवळीसारखं समुद्री शेवाळ, टाकतेय, जुना दिवा पडलाय तो वर लावते.

शेवाळी: दिवा रात्री लावा, म्हणजे पीएचही रात्री फार पडणार नाही. चेटोचा गोळा पाण्यात फिरत राहायला हवा, नाहीतर आतून सडतो. कप्पा भरला की निम्मा काढून फेका, नायट्रेट तेव्हाच बाहेर जातं. नायट्रेट 5 च्या खाली जाऊ देऊ नका.

प्रवाळवेडा: स्किमरचा विचार मात्र करा.