मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ट्रस्ट (पासवर्डशिवाय प्रवेश) काढलं आणि अ‍ॅप बंद पडलं

चिमटा: नवा डेटाबेस उभारणाऱ्या इनिटडीबीने लोकलला (त्याच मशीनवरच्या जोडणीला) 'ट्रस्ट' लावल्याचा इशारा दिला, म्हणून कोणी कसं आत यायचं ते ठरवणाऱ्या एचबीए फाइलमध्ये सगळीकडे स्क्रॅम (पासवर्ड तपासायची नवी पद्धत) केलं. आता अ‍ॅपला 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड बरोबर आहे, दहादा पाहिला. लवकर सांगा.

बोकोबा: आवृत्ती? कोरा डेटाबेस की जुना डम्प चढवलाय?

रविवारचा_डीबीए: मारियाडीबी (दुसरा डेटाबेस) घ्या, सुटाल.

चिमटा: १६. डम्पऑल (सगळ्या डेटाबेसची एकत्र प्रत) ९.६ चा.

बोकोबा: मग घोळ तिथेच. डम्पऑल पासवर्डचा हॅश (साठवलेलं सांकेतिक रूप) जसाच्या तसा उचलतं. ९.६ मध्ये स्क्रॅम नव्हतंच, ते १० पासून आलं. १४ पासून ते डिफॉल्ट झालं तरी जुना हॅश आपोआप बदलत नाही. युझरची माहिती असलेल्या पीजी_ऑथआयडी टेबलात रोलपासवर्ड बघा. 'एमडी५' ने (जुन्या हॅशची खूण) सुरू होत असेल तर स्क्रॅमच्या ओळीला चालणार नाही. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचं कमांड टूल) बॅकस्लॅश-पासवर्ड देऊन तोच पासवर्ड पुन्हा टाका. ऑल्टर रोल या एसक्यूएल कमांडमध्ये उघडा लिहिलात तर लॉगमध्ये उमटू शकतो.

गंजका_खिळा: एवढं कशाला? लोकलला ट्रस्ट राहू द्या, फायरवॉल आहे ना!

बोकोबा: फायरवॉल बाहेरच्यासाठी, राव. ट्रस्ट असेल तर त्या मशीनवरचा कुठलाही युझर, अगदी वेबसर्व्हरचासुद्धा, 'पोस्टग्रेस' या सुपरयुझरच्या नावाने आत शिरतो. सुपरयुझर झाला की 'कॉपी फ्रॉम प्रोग्राम'ने शेल कमांड चालवतो. लोकलवर त्या पोस्टग्रेस युझरसाठी पीअर (मशीनवरच्या युझरचं नाव जुळवून प्रवेश) ठेवा, बाकीच्यांना स्क्रॅम. पुढच्या वेळी इनिटडीबीलाच ऑथ-लोकल पीअर, ऑथ-होस्ट स्क्रॅम द्या.

नळदुरुस्ती: एचबीए फाइलमधल्या ओळींचा क्रमही बघा. पहिली जुळणारी ओळ लागते. ती नापास झाली की पुढची बघत नाही. बदलल्यावर रीलोड पुरतं, रीस्टार्ट नको. चूक कुठल्या ओळीत आहे ते पीजी_एचबीए_फाइल_रूल्समध्ये दिसतं.

रविवारचा_डीबीए: बॅकअप एनक्रिप्ट केलाय का पण?

चिमटा: ते नंतर. अ‍ॅप लागलं! पण त्याच युझरचा जावा रिपोर्ट 'ऑथेंटिकेशन टाइप १० नॉट सपोर्टेड' म्हणतोय. ओळीत एमडी५ लिहू?

बोकोबा: उपयोग नाही. हॅश आता स्क्रॅमचा आहे, एमडी५ लिहिलेल्या ओळीतूनही सर्व्हर स्क्रॅमच मागणार. जावाला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर जुना आहे, ४२.२.० किंवा पुढचा टाका.

चिमटा: ड्रायव्हरचा ९.४ चा जार (फाइल) निघाला. बदलतो.