मदत हवी आहे : पोटरीचा स्नायू आखडत चालला आहे, पुन्हा बोटॉक्स द्यावे की प्लॅस्टर?

नमस्कार.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठर होणे) या प्रकारची सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे येणारा हालचालींचा दोष आहे. तो आधाराशिवाय चालतो, पण चवड्यांवर. नव्या बुटाचा पुढचा भाग बघता बघता झिजतो आणि टाच कोरीच राहते. आम्ही नेरुळला राहतो. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत पूर्वी बोटॉक्सची इंजेक्शने देऊन झाली असून पहिल्या वेळी आलेला गुण पुढे कमी होत गेला. आता पुन्हा बोटॉक्स किंवा स्नायू हळूहळू ताणण्यासाठी टप्प्याटप्प्याने बदलायचे प्लॅस्टर, असे दोन पर्याय डॉक्टरांनी पुढे ठेवले आहेत.

गेल्या तपासणीत फिजिओ मॅडमनी त्याचे पाऊल आधी झटकन वर ढकलले, तेव्हा ते मध्येच अडकले. मग अगदी सावकाश ढकलले, तेव्हा थोडेसेच पुढे जाऊन थांबले. पहिली अडकण स्नायूच्या ताठरपणामुळे, म्हणजे नसांच्या प्रतिक्रियेमुळे येते, तर दुसरी मर्यादा स्नायूच्या प्रत्यक्ष लांबीची असते, असे त्यांनी समजावले. पाऊल जिथे थांबते त्या दोन कोनांमध्ये पूर्वी बरेच अंतर होते, आता ते फारसे उरलेले नाही, म्हणजे अडथळा आता मुख्यतः लांबीचा आहे. गुडघा वाकवला की घोटा वर येतो आणि गुडघा सरळ केला की येत नाही, म्हणजे आखडलेला आहे तो मुख्यतः पोटरीचा वरचा, गुडघ्यावरून जाणारा स्नायू. बोटॉक्स नसेकडून स्नायूला जाणारा संदेश साधारण तीन-चार महिने अडवते. आखूड झालेला स्नायू त्याने लांब होत नाही. मग ते पुन्हा देऊन नेमके काय साधणार, ही माझी मुख्य शंका आहे.

या निमित्ताने थोडे वाचन केले. स्नायूतंतूंना चिकटून उपग्रह पेशी असतात, त्या १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी प्रथम दाखवल्या. स्नायूची वाढ आणि दुरुस्ती करणाऱ्या मूलपेशी त्या याच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूंचे शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले नमुने तपासले असता या पेशी निम्म्याहूनही कमी आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा स्नायूंत तंतूंभोवतीची कोलॅजनची जाळी वाढलेली असते आणि तंतूंतील सूक्ष्म घटक वाजवीपेक्षा जास्त ताणलेले असतात, हेही त्याच्या आधी दिसून आले होते. मेंदूची इजा वाढत नसली तरी हाडे वाढताना स्नायू मागे का पडतो, याचा काही उलगडा यातून होतो. मात्र बेल्जियममधील संशोधकांनी लहान मुलांच्या पोटरीतून सुईने घेतलेल्या नमुन्यांतील उपग्रह पेशी प्रयोगशाळेत उलट एकमेकींशी अधिक जुळून तंतू बनवताना दिसल्या. त्यामुळे मांडीवरचा निष्कर्ष माझ्या मुलाच्या पोटरीला जसाच्या तसा लावणे मला धाडसाचे वाटते.

हे सगळे वाचत असतानाच वाशीतील एका खासगी केंद्राने ‘स्टेम सेल पॅकेज’, म्हणजे मूलपेशींचे उपचार सुचवले. कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी मणक्यात सोडल्याने पोटरीतील उपग्रह पेशींची उणीव कशी भरून निघणार, याचे उत्तर तिथे मिळाले नाही; रकमेचा आकडा मात्र तत्काळ मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त रक्तविकार वगळता असे उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाहीत, म्हणून तो विषय आम्ही बंद केला आहे. कृपया त्याची शिफारस करू नये.

ज्यांच्या मुलांचे दोन्ही कोन असेच जवळ आले होते, त्यांच्या डॉक्टरांनी बोटॉक्स न देता थेट प्लॅस्टर केले का, आणि प्लॅस्टर काढल्यावर मिळालेली हालचाल रात्रीच्या स्प्लिंटने किती टिकली? प्लॅस्टरच्या काळात पोटरी बारीक होते, तर नंतर ताकद वाढवण्याचे व्यायाम कधी आणि कोणते सुरू केले? केवळ ताणण्याच्या व्यायामांवर माझा आता पूर्वीइतका भरवसा राहिलेला नाही. लहान मुलांचे ऑर्थोपेडिक सर्जन आणि फिजिओ एकत्र बसून तपासतात, अशी सोय ठाणे किंवा नवी मुंबईत कुठे असल्यास जरूर कळवावे. परळ किंवा हाजीअलीपर्यंत जायचीही तयारी आहे, पण दर आठवड्याला प्लॅस्टर बदलायला लोकलच्या गर्दीतून त्याला नेणे कठीण आहे. शिवाय पावसाळा तोंडावर आहे. प्लॅस्टर दिवाळीपर्यंत पुढे ढकलले तर चालेल का, की वाढीच्या या वयात तेवढा उशीरही महागात पडेल, यावर अनुभवी पालकांचे आणि फिजिओथेरपिस्टांचे मत हवे आहे. घोट्याच्या कोनांच्या जुन्या नोंदी माझ्याकडे आहेत. कोणी विचारल्यास इथेच देईन.